टोचलंस का?

अक्काआत्याचा आवाज कोलकात्यातल्या आमच्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या मासळीवालीपर्यंत जायचा, आणि दर जेवणाआधी त्यात एकच प्रश्न असायचा, "टोचलंस का?" टोचायचं म्हणजे इन्सुलिन. नववीत मला मधुमेह निघाला, जन्मभर सोबत राहणारा. तेव्हापासून बाबांची ही थोरली बहीण माझी हवालदार झाली. लग्नाच्या पंगतीत, एस्प्लनेडच्या बसमध्ये, कुठंही विचारायची. मी लाजले की म्हणायची, "लाजायचं चोरी करणाऱ्यानं. तू जेवणार आहेस."

परीक्षेला निघताना आपल्याकडे हातावर दही-साखर ठेवतात. माझ्यासाठी आत्यानं शेजारच्या बंगाली काकिमांची रीत उचलली आणि दही कपाळाला लावलं. "आपलं दही जिभेला, त्यांचं कपाळाला. तुला त्यांचंच बरं." बारावीची सगळी परीक्षा मी तो पांढरा टिळा लावून दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाले.

नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबा रेल्वेत फिटर. आमच्या घरात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलेलं नव्हतं. त्यांना अभिमान होताच, पण वसतिगृहात हिची साखर उतरली तर बघणार कोण, म्हणून ते अडून बसले. इथलंच कॉलेज बघू म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आत्यानं मला "टोचलंस का?" विचारणंच बंद केलं. घर इतकं शांत झालं की दीदींची, म्हणजे आत्याची, तब्येत बरी आहे ना, हे बघायला काकिमा येऊन गेल्या.

मग एकदा आम्ही दोघी बाजारातून ऑटोनं परतत होतो. मला घाम फुटला, हात कापायला लागले. आत्याच्या पिशवीत ग्लुकोज असायचंच. पण ती पिशवी मांडीवर घट्ट आवळून समोर बघत बसली. मी ऑटोवाल्याला सांगितलं, माझी शुगर उतरलीय, जरा थांबा. माझ्याच पर्समधलं ग्लुकोज खाल्लं, बरं वाटल्यावर चला म्हटलं. घरी आल्यावर आत्या पाणीसुद्धा न पिता बाबांसमोर उभी राहिली. पिशवीचा बंद तिच्या मुठीत अजून तसाच होता.

"वसंता, हिनं माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आता हिला पाठव."

निघायच्या दिवशी मी इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोज आधी भरलं, कपडे मागून. दाराशी सवयीनं कपाळ पुढं केलं.

"हात," आत्या म्हणाली.

तळहातावर तिनं दही ठेवलं आणि वर चमचाभर साखर. बाबा दचकलेच. "अक्के, साखर?"

"तिचं ती बघेल."

मी साखर किती आहे ते नीट बघून घेतलं, सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि तिच्या पाया पडले.

पदवीधर होऊन मी परत आले तेव्हा आत्या होती, आता नाही. न्यू टाउनच्या ऑफिसात डबा उघडला की मी टेबलापाशीच, सगळ्यांदेखत टोचून घेते. नवीन कुणी बघत राहिलं तर सांगते, जेवणार आहे.