पाहुण्या लाकडाचा दरवाजा

लाकूड हाती आलं की आमचे सुतार आबा आधी त्याचा वास घ्यायचे. माप नंतर. रंध्यातून निघालेली पातळ साल नाकाशी धरून डोळे मिटून उभे राहायचे, आणि आपण समोर ताटकळत. असा मिस्तरी तुमच्याही वाट्याला आला असेल, तर माझा वैताग वेगळा सांगायला नको.

नव्वदच्या दशकात मी धुळ्यात घर बांधलं. आपला साग परवडेना, म्हणून दर्शनी दरवाज्यासाठी आफ्रिकेतून आलेलं लाकूड घेतलं. अगदी सागासारखंच, असं वखारवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं. आबांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हाऊ साग नही शे. पाव्हना शे."

रंधा फिरला की बारीक भुसा उडे. आबांना आधी शिंका, मग खोकला, मग दम. डॉक्टरांनी हे लाकूड सोडायला सांगितलं. नाकाला रुमाल तरी बांधा, म्हणून मी रोज डोकेफोड करी.

"नाक बांधीसन लाकूड कसं समजी?"

वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झालेल्या, आणि दाराच्या जागी गोणपाट! शेवटी चिडून मी म्हणालो, राहू द्या, दुसरा मिस्तरी बघतो. आबा आठ दिवस फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि सरळ रंधा उचलला.

"अर्धं काम मी दुसराना हातमा देत नही."

तेव्हाच त्यांना परत पाठवायला हवं होतं. मला मात्र हायसं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

दरवाजा वेळेत लागला, पण पिवळाधमक. दाराला हळद लावली का, असं जो तो विचारी. आबांनी पॉलिशला साफ नकार दिला. वर्षभर नुसता उजेड लागू द्या म्हणाले.

"पाव्हना हळूहळू आपला व्हई."

वर्षभरात दरवाजा खरंच सागासारखा तपकिरी झाला. पण दम वाढला म्हणून आबा मुलाकडे शिरपूरला गेले होते, ते तिथेच वारले. त्या हट्टी माणसाला दरवाजा दाखवायचा राहिलाच.

वास्तुशांतीच्या दिवशी लावलेली नावाची पाटी परवा बदलायला काढली. तिच्याखालचा चौकोन अजून पिवळाच होता, आबांनी सोडला तसा. मी डोळे मिटून तिथे नाक लावलं. मला कसलाच वास आला नाही.