साहेबांचा दौरा आणि गंगव्वाची कोंबडी

लढाई संपली, पलटणीचा जुना माल लिलावात निघाला आणि आमच्या घरात एक खाकी फटफटी आणि एक खाकी तंबू येऊन पडला. आमची स्वारी सोलापूरच्या गिरणीत कारकून. साहेबी हौस मात्र कलेक्टराची. "पाण्याकाठी मुक्काम करू, निसर्गात राहू," म्हणाले. मी म्हटलं, "त्यापेक्षा तुळजापूरला जाऊ. देवीचं दर्शन होईल आणि धर्मशाळेला निदान भिंती असतात." पण ऐकतो कोण! हौसेला मोल नसतं म्हणतात, तिला कानही नसतात.

ठिकाण ठरलं नळदुर्ग. तिथं किल्ल्यातच बोरी नदीला बांध घातला आहे आणि त्यामागं पाणी दूरवर पसरतं. जाणाऱ्यांसाठी सांगते, हैदराबादची सडक धरावी आणि तोंडाला फडकं बांधावं. माझं हिरवं लुगडं पहिल्या तासातच मातकट झालं. पेट्रोल सोलापुरातच भरून घ्यावं. पुढं निजामाच्या मोगलाईत आपला कलदार रुपया घेतात, पण मोड देतात तिथल्या हाली नाण्यांत, आणि हिशेबात नेमके आपणच बुडतो.

वाटेत मोगलाईची हद्द लागली. करोडगिरीच्या नाक्यावर सामानाच्या प्रत्येक डागावर जकात घेतात. शिपायानं आधी खाकी फटफटी पाहिली, मग खाकी तंबू पाहिला आणि विचारलं, "दौरे पे हैं क्या, साब?"

दौरा म्हणजे भारदस्त भाषेत सहल, असा यांचा समज. छाती काढून म्हणाले, "हां हां, दौरा! नळदुर्ग!"

शिपायानं सलाम ठोकला आणि जकात न घेता सोडलं. स्वारी माझ्याकडं वळून म्हणाली, "पाहिलंस? बोलायची पद्धत असते." पुढं आम्ही चहाला थांबलो, तेवढ्यात सर्व्हिस मोटार आम्हाला मागं टाकून गेली आणि दौऱ्याची बातमीही घेऊन गेली.

मोगलाईत दौऱ्याचा अर्थ एकच. अंमलदार तंबू ठोकणार आणि गावानं त्याला फुकट पोसायचं. पाण्याकाठी पोचलो तर जवळच्या वाडीचा पाटील आधीच हात जोडून उभा. जळण आलं, दूध आलं, खाट आली, कडब्याच्या पेंढ्यासुद्धा आल्या.

"सायबांचं घोडं कुटं हाय?" पाटलानं विचारलं.

यांनी फटफटीकडं बोट दाखवलं. पाटलानं पेंढ्या अदबीनं तिच्यापुढं ठेवल्या. हसू दाबताना माझा जीव गेला. स्वारी मात्र खाटेवर पाय पसरून बसली होती. पाणी निळं, वारा गार, पलीकडं किल्ल्याची काळी भिंत, सगळं देखणंच होतं. पण फुकटच्या दुधावर मिशा पुसणाऱ्या माणसाशेजारी बसून निसर्ग काय बघायचा?

तेवढ्यात एक बाई कोंबडी घेऊन आली. नाव गंगव्वा. पिसं फुलवलेली ती कोंबडी सारखी कुरकुरत होती. मी बघताच ओळखलं.

"खुडूक आहे ना गं ही?"

"व्हय बाई. अंड्यावरनं उचलून आनली. पाटलाचा हुकूम." तिचे डोळे भरले. "अंडी गार पडली तर समदं गेलं. येवढी येकच हाय माजी."

मी यांना तंबूत नेऊन म्हटलं, "अहो, खरं सांगा त्यांना. आपण कोणी नाही."

बाहेरून गंगव्वानंच हळू आवाजात उत्तर दिलं. "सायबानं न्हाय खाल्ली तर पाटील खातोय, बाई. घरातनं भाईर आलेली कोंबडी माघारी जात न्हाय."

म्हणजे आता खरोखरच साहेब हवा होता. मी म्हटलं, "मग द्या हुकूम! सकाळपासून साहेब आहात ना?" तर स्वारीचा चेहरा उतरला. "अगं, पाटलानं ओळखलं तर? परका मुलूख आहे." दूध पिताना हा मुलूख परका नव्हता वाटतं!

मला भयंकर राग आला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन लांब उभ्या पाटलाला खणखणीत म्हटलं, "पाटील, दौऱ्यावर साहेबांना खुडूक कोंबडी चालत नाही. ती आत्ताच्या आत्ता अंड्यांवर नेऊन बसवा. सकाळी मी स्वतः येऊन बघणार."

"जी, बाईसायब," पाटील म्हणाला. गंगव्वा पळतच गेली.

सकाळी तंबू गुंडाळून निघालो. वाट गंगव्वाच्या दारावरूनच जात होती. फटफटीचा आवाज ऐकून ती धावत आडवी आली. "सायब, बंद करा ती! ढग गडगडला तरी अंडी नासत्यात. मग ह्यो तर लईच गडगडतोय!"

मी यांच्याकडं पाहिलं. यांनी खाली उतरून मुकाट्यानं फटफटी बंद केली आणि तंबूसकट ढकलायला सुरुवात केली. पुढं चांगलाच चढ होता. खाकी विजार घामानं भिजली, धाप लागली. मागून गंगव्वा सांगत होती, "हळू, सायब, हळू." मी डालग्यात वाकून पाहिलं. कोंबडी पिसं पसरून बसली होती.

घरी आल्यापासून त्या तंबूवर मी पापड वाळत घालते. स्वारी मित्रांना सांगते, "मीच हुकूम सोडला, कोंबडी परत न्या!" मी खोडत नाही. तो हुकूम कुणी सोडला ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पण त्या चढावर त्यांनी एका शब्दानंही कुरकुर केली नाही, आणि सबंध दौऱ्यात तेवढ्या वेळापुरता हा माणूस मला साहेब वाटला होता.