दुसरा ब्रेक

माझ्या ताईला लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याचा संशय आला, तेव्हा मी आधी हसले. भावोजींवर संशय घेणं म्हणजे टपालपेटीवर संशय घेण्यासारखं होतं. पण ताई हसत नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "रोज संध्याकाळी उशिरा येतात. विचारलं तर म्हणतात, क्लास लांबला. आणि क्लासची गाडी खाली उभी! गाडी इथं, मग माणूस कुठं गं?"

"चालायला जात असतील."

"ते? कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी गाडी काढणारा माणूस आहे तो."

तेही खरं होतं. मग तिनं पोटातली गोष्ट ओठावर आणली. भावोजी झोपेत बोलतात. परवा म्हणाले, "ती माझीच होती." एवढंच म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले. ताई सकाळपर्यंत जागी होती.

"तुला गाडी शिकायचीच आहे ना? मग त्यांच्याकडेच शीक. आणि डोळे उघडे ठेव," ती म्हणाली.

मला शिकायची होती हे खरं. आमच्या ह्यांची नजर अधू होत चालली होती, डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, आणि डोळ्यांचा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इंजेक्शन घेऊन परत येताना बसमध्ये ते माझा खांदा घट्ट धरून उभे राहायचे. आमची गाडी दारात कव्हर घालून पडून होती. तेव्हा शिकणं गरजेचं होतं, आणि वर हेरगिरी फुकटात. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. रोज दोनदा दात घासतो म्हणून खोटं सांगणारे लोक त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ओळखते. भावोजी माझ्यापुढे किती टिकणार, असं मला वाटलं.

भावोजी म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि एक शब्द. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी, आणि तोंडात 'सावकाश' हा शब्द. गावातले अर्धे लोक त्यांच्याकडे शिकलेले, आणि सगळे त्यांना सावकाश मास्तर म्हणत. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, मास्तरांसाठी. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतो. भावोजी त्या सीटवर ताईनं शिवलेली उशी टाकून बसायचे, कुणावर कधी ओरडायचे नाहीत. एकीनं गाडी थेट फळांच्या गाड्यात घातली, तेव्हाही ते म्हणाले होते, "सावकाश घातलीस, ते बरं केलंस."

तो माणूस गेल्या उन्हाळ्यात बदलला. एका चौकात ते आपली गाडी उभी करून शिकणाऱ्याला काहीतरी समजावत होते. समोरून एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते, हातात नवीकोरी बादली. एक गाडी आली आणि वेग कमी न करता त्यांच्यावर गेली. भावोजींनी त्या क्षणी काय केलं असेल? त्यांनी ब्रेक दाबला. आपल्या उभ्या गाडीचा! सगळी ताकद लावून. हे त्यांच्या त्या विद्यार्थ्यानं नंतर ताईला सांगितलं. गृहस्थ जागीच गेले. अँब्युलन्स येईपर्यंत भावोजी ती बादली मांडीवर घेऊन रस्त्यात बसून होते. गाडी चालवणारी बाई फुटपाथवर उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "ब्रेक लागलाच नाही, ब्रेक लागलाच नाही." पुढे गाडीची तपासणी झाली. ब्रेक ठणठणीत होता.

तेव्हापासून भावोजींच्या मनात संशयानं घर केलं. गॅस बंद केला का, नक्की का, तूच केलास का? लिफ्टचा आवाज बदललाय का? समोरच्या बाल्कनीतली कुंडी पडायच्या बेतात आहे का? उपाहारगृहात रस्त्याकडे पाठ करून बसेनात. ताई म्हणायची, "घरात पोलीसचौकी झालीय नुसती." आम्हाला वाटलं, डोळ्यांदेखत माणूस गेला, धक्का आहे, ओसरेल. पण ओसरायच्या ऐवजी ही 'ती' उगवली.

पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगपुढे बसले, तर भावोजींनी गाडी सुरू करायच्या आधी माझीच झडती घेतली. "चष्म्याचा नंबर कधी तपासलास? झोप झाली? सर्दीची गोळी घेतलीयस का? तोंडाला वास कसला येतोय?"

"लवंगेचा. दातांच्या दवाखान्यात काम करते मी."

"हं," ते म्हणाले. म्हणजे विश्वास बसला नाही.

रस्त्यावर तर त्यांना सगळेच गुन्हेगार दिसायचे. "तो सायकलवाला मान वळवत नाहीये, बघून ठेव. त्या उभ्या गाडीचं दार उघडणार. ती बाई थांबलीय असं वाटतंय ना? थांबलेली नाहीये ती." मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते, त्यामुळे गाडीत दोन हेर होते आणि रस्त्याकडे बघणारं खरं म्हणजे कुणीच नव्हतं. त्यांचा फोन वाजला की मी कान टवकारायची. एखादी बाई हात करून गेली की विचारायची, "कोण हो ही?" ते म्हणायचे, "विद्यार्थिनी," आणि मान मागे वळवून तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. हे मी ताईला इमानेइतबारे कळवत होते. आगीत तेल, दुसरं काय!

एक मात्र कबूल केलं पाहिजे, गाडी मला झकास यायला लागली. सिग्नल आला की मी पाय ब्रेकवर टेकवायचा, आणि गाडी कशी लोण्यातून सुरी फिरावी तशी थांबायची. धक्का नाही, करकर नाही. मी घरी येऊन ह्यांना म्हणायची, "तुम्हाला पंचवीस वर्षांत जमलं नाही असं थांबते माझी गाडी." ते बिचारे म्हणायचे, "असेल बाई, मला आता तसंही दिसत नाही."

शेवटी एका संध्याकाळी ताईला राहवेना. भावोजी बाहेर पडले आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे. ताईनं ओळखू येऊ नये म्हणून माझा चष्मा लावला होता आणि त्यामुळे ती दोनदा फुटपाथवरून घसरली. भावोजी झपाझप चालत एका इमारतींच्या वसाहतीत शिरले आणि वळणावर, उभ्या टेम्पोच्या आड जाऊन थांबले. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "बघ," ती म्हणाली, "आता ती येईल."

ती आली. गाडीतून आली, मागे दोन पोरं भांडत होती, आणि टेम्पोकडे न बघता वळणावरून आत गेली. भावोजी तिच्याकडे बघतही नव्हते. ते तिच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत होते. दिवे लागले तसे ते पुटपुटले, "उशीर."

माझं मनगट सोडून ताई पुढे धावली. "अहो! कोण आहे ती?"

भावोजी दचकले, मग आम्हा दोघींकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. ते टेम्पोला टेकले. म्हणाले, "माझ्याकडे शिकली. काल दुसरीकडं गेलो होतो. उद्या आणखी एकीकडं जाणार. ब्रेक कधी मारतात ते बघतोय."

"का पण?" ताईनं विचारलं.

"कारण ती पण माझ्याकडेच शिकली होती. ती चौकातली. मी पोलिसांना सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवले होते तिनं, मी शिकवतो तसेच. सगळं मी शिकवलं तसं करत होती. मग ब्रेक का नाही मारला? माझं काय शिकवायचं राहिलं?"

ताई मटकन फुटपाथवर बसली आणि रडायला लागली. सवत नाही या आनंदानं की नवऱ्याच्या दुःखानं, तिलाही सांगता आलं नसतं. भावोजी तिच्या शेजारी बसले. मी चष्मा परत घेतला आणि घरी आले. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं. मनात धरलेलं ओझं बोलून टाकलं की माणूस हलका होतो, असं मी ह्यांना समजावूनसुद्धा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा होती. भावोजी मैदानाच्या फाटकाबाहेर थांबले, आणि त्यांच्या उशीवर परीक्षा घेणारे साहेब बसले. मी आरसे नीट केले, अंगठे बाहेर ठेवले, मैदानाला झोकात वळसा घातला. समोर थांबायची पांढरी रेघ आली आणि तिच्यापलीकडे एक शिपाई फाइल घेऊन चाललेला. मी रोजच्यासारखा पाय ब्रेकवर टेकवला.

गाडी थांबली नाही. रेघ खालून गेली. शिपायाची पाठ मोठी होत आली. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? 'ब्रेक लागत नाहीये.' शपथेवर सांगते, हेच शब्द. पाय आणखी दाबावा असं डोक्यात आलंच नाही, कारण आणखी दाबायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. साहेबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक खाडकन दाबला. शिपाई वळून आमच्याकडे बघत राहिला.

"बाई," साहेब म्हणाले, "ब्रेक दाबायचा असतो, गोंजारायचा नसतो."

मी नापास झाले, हे सांगायला नकोच. पण गाडीतून उतरताना माझ्या डोक्यात दुसरंच होतं. लोण्यासारखी थांबणारी गाडी मी कधी थांबवलीच नव्हती. माझा पाय टेकायच्या आत शेजारचा पाय काम करून मोकळा व्हायचा. भावोजींचा कुणावरच भरवसा उरला नव्हता, तो माझ्यावर कसा असेल? आणि चौकातली ती बाई शिकत होती तेव्हा तर भावोजींच्या मनाला धक्काही बसलेला नव्हता, तेव्हा नुसता मायाळूपणा होता. कुणाला झटका बसू नये, कुणी घाबरू नये, म्हणून सावकाश मास्तर आधीच ब्रेक लावायचे. असेल की नसेल, कोण सांगणार? पण माझ्या बाबतीत होतं, एवढं मला माझ्या पायानं सांगितलं होतं.

फाटकाकडे चालत जाताना मी ठरवत होते, बोलायचं की नाही. बोलले तर जी गोष्ट हा माणूस रोज संध्याकाळी गावभर शोधतोय, ती मी त्याच्याच पदरात टाकणार. एका माणसाच्या मरणाची गोष्ट होती ती. नाही बोलले तर उद्या दुसरी कुणीतरी इथून पास होऊन बाहेर पडेल. पण खरं सांगायचं तर मी एवढा विचार करून बोलले नाही. मला संताप आला होता. आमच्या गाडीत त्या सीटवर उद्या माझा अधू डोळ्यांचा नवरा बसणार होता, आणि तिथं दुसरा ब्रेक नव्हता.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं.

"ब्रेक लागला नाही."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "ब्रेक चांगला आहे. सकाळीच बघितलाय मी."

"चांगलाच आहे. मला मारता येत नाही. रोज तुम्ही मारायचात, भावोजी. मला वाटायचं मीच मारतेय."

त्यांनी मान खाली घालून आपल्या बुटाकडे बघितलं. "सगळ्या जगावर पाळत ठेवली," ते म्हणाले, "आणि या गुलामावर ठेवायची राहिली." थोड्या वेळानं म्हणाले, "बंद करतो. पाटी काढून टाकतो आजच."

"आणि मला कोण शिकवणार? तुमची ताईनं शिवलेली उशी? चला, बसा गाडीत."

"माझा पाय ऐकणार नाही गं. तो आपोआप जातो."

"मग त्याचं काहीतरी करा."

भावोजी गाडीत बसले. बूट काढले, मागच्या सीटवर ठेवले. मग कण्हत, गुडघे कडकड वाजवत, त्यांनी त्या एवढ्याशा जागेत मांडी घातली. एक गुडघा दाराला, एक माझ्या गिअरला टेकलेला. दोन्ही हातांनी दोन्ही पावलं धरून ठेवली. हसू येण्यासारखं ध्यान होतं, पण मला हसू आलं नाही.

"मला फार भीती वाटतेय," ते म्हणाले.

"मलाही."

मी गाडी रस्त्यावर घेतली. त्यांच्या तोंडातून एकही सूचना आली नाही, सावकाशसुद्धा नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. उताराला लागलो तशी गाडीनं वेग घेतला, आणि खाली बाजारापाशी एक बाई कानाला फोन लावून फुटपाथवरून खाली उतरली. भावोजींचं अंग पुढं झेपावलं. पावलं धरलेल्या हातांच्या शिरा फुगल्या. पण मांडी सुटली नाही.

मी दाबला. सगळा जीव पायात आणून दाबला. गाडी किंचाळली, आम्ही दोघं पट्ट्यांना लटकलो, मागच्या सीटवरचे बूट खाली आदळले, आणि इंजिन बंद पडलं.

"जोरात दाबलास," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता.

"हो."

ती बाई फोनवर बोलत, आमच्याकडे न बघताच, पलीकडच्या फुटपाथवर चढली.