समुद्रातली भजी

मळवलीच्या बंगल्यावर कुणीबी येऊ द्या, आमच्या बाई आधी काचंच्या टाकीला नाक लावून उभ्या ऱ्हायच्या. "थांबा, आधी यांची चौकशी करते, मग तुमची." पाहुणा दारातच. त्याला चहा मी पाजायचो, तोबी बिनसाखरंचा, इसरून.

बाई कॉलेजात समुद्राचं शेवाळ शिकवायच्या. गुडघे गेले, कोकणात जाणं बंद झालं, म्हणून शेवटच्या खेपेला समुद्रच हितं आणला. टाकी, खारं पाणी, आन एक दगुड. दगडावर शेवाळाचे तपकिरी फुगे. मी पयल्या दिशी इचारलं, "बाई, ही भजी तळायची कवा?" लय हसल्या. मी बंगला राखतो. म्हंजे बंगला उभा असतो, मी बसलेला.

उन्हाळ्यात बाई पुतणीकडं पुण्याला गेल्या. "पाणी आटलं तर साधं पाणी घाला, भाऊ. बाकी काही करू नका."

आता मी भात लावणारा माणूस. नुसतं पाणी घालून गप बसणं मला जमतंय व्हय? समुद्र अळणी हुईल म्हणून दर तांब्यामागं मूठभर मीठ टाकलं. बाई आल्या तवा भजी गळून खाली सडलेली.

"मीठ घातलंत?"

"चवीपुरतं."

बाईंनी काचंला नाक लावलं. "आता मला दुसरा दगड कोण आणून देणार?"

मी त्यो दगुड फेकाया उचलला, तशा वरडल्या, "ठेवा आत!"

मंग नवं खारं पाणी भरता भरता बाईंनी सांगितलं. हे फुगे जाताना बारीक बी सोडत्यात. त्या बीतनं जे उगवतं ते डोळ्याला दिसत न्हाई. दगडाला चिकटून वाईट दिस काढतं. गारवा आला की त्याच्यातनं परत फुगे. "तुमच्या मिठातून वाचलं असेल, तर."

पावसाळाभर आमी दोघं मोकळा दगुड बघत बसलो. औंढ्याचा मेव्हणा म्हणला, "दाजी, बाईंनी काय पाळलंय?" म्हणलं, "दगुड. चावत न्हाई."

दिवाळीआधी पुतणी बाईंना कायमची घेऊन गेली. दगुड माझ्या हवाली. गावात माझ्या हवाली कुणी कोंबडीबी करायचं न्हाई.

थंडीत एक दिस दगडावर तांदळाएवढं तपकिरी कायतरी फुगलेलं. मी व्हिडीओ कॉल लावला.

"भाऊ, तुमचं तोंड दिसतंय. दगड दाखवा!"

दाखवला. पडद्यावरनं बाई गायब. मला वाटलं, फोन कट झाला. हॅलो हॅलो करतोय, तर बाई तिकडं घर डोक्यावर घेऊन पुतणीला हाका मारत व्हत्या, "अगं, गॅस बंद कर, इकडे ये! आलंय बघ, आलंय!"