बिऱ्हाड पुढं गेलं होतं

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या आणि गारखेड्यात आमच्या गल्लीच्या मागं जी वस्ती होती, तिथं राहायच्या. दवाखान्यातल्या आयांना सगळेच मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. माझ्या सासूची आठवण गेली तेव्हा तिला आणि मला, दोघींनाही, या बाईनं सांभाळलं. ना नात्याची, ना जातीची. मला लिहायची सवय नाही. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून पाचवीतनं शाळा सुटली ती सुटलीच. मावशींचं नाव मी घालत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण त्या होत्या, एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं.

माझं माहेर आणि सासर दोन्ही लांब माणदेशात, दोन्ही घरं मेंढरांमागं फिरणारी. नवऱ्याला मात्र मेंढरं नको होती. ओळखीच्या एकानं त्याला चिकलठाण्याच्या एका कंपनीत चिकटवलं आणि आम्ही इकडं आलो. तेव्हा तिथं सारख्या नव्या शेडी उभ्या राहत होत्या, कुठकुठनं पोरं कामाला येत होती. गारखेड्यात एक खोली आणि पुढं पत्र्याखाली स्वयंपाक, एवढं आमचं घर. नवऱ्याची पाळी बदलती, घरी असला की झोपलेला. मी भांडंसुद्धा हळू ठेवायची. नळावर मी ‘न्हवं’ म्हटलं की एक जण मुद्दाम ‘न्हवं का?’ करून लांबवायची आणि बाकीच्या खुसखुसायच्या. म्हणून मी बोलणंच कमी केलं. दुपारी गल्ली सामसूम झाली की मनात यायचं, ह्यांना मशीनवर काही झालं तर? मी कुणाच्या दारात जायचं? मला इथं ओळखतं कोण?

मग सासरे वारले आणि सासू आमच्याकडं आली. मला खरंच बरं वाटलं. आपल्या बोलीत बोलणारं माणूस घरात येणार म्हणून मी ओटा दोनदा धुतला. पहिले काही महिने आम्ही दोघी पोटभर बोललो. पुढं ती विसरायला लागली. स्टोव्हवर चहा ठेवून विसरायची. ते मीही विसरते, असं मी मनाला सांगायची. नवऱ्याला थोरल्या दिराच्या नावानं हाक मारायला लागली. आणि एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, तर मान वळवून मला विचारलं, "कुणाची गं तू?"

"मी तुमची सून न्हवं का, आत्याबाई."

"आसं व्हय." मान परत पुढं केली. मग, "ब्येस येणी घालतीस. कुणाची गं तू? तुझी आय कुठंय?"

माझी आई कुठं आहे, हे त्या शहरात मला विचारणारी ती एकटीच. मी तिला सगळं सांगायची. आई, भाऊ, आमची कुत्री, जेजुरीच्या वाटेवर मला आलेला ताप. ती मन लावून ऐकायची आणि संपलं की पुन्हा विचारायची, कुणाची गं तू. दिवसभर माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, आणि मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

नवरा म्हणायचा, वय झालंय. घरमालकीणकाकू म्हणायच्या, चळ लागलाय. आजार आहे असं कुणी म्हणालं नाही.

आता बिऱ्हाड या शब्दाचं सांगायला हवं. शहरात बिऱ्हाड म्हणजे भाडेकरू. आमच्यात बिऱ्हाड म्हणजे घोड्यावर लादलेला अख्खा संसार: भांडी, घोंगडी, कोंबड्या, लहान पोरं. गडीमाणसं मेंढरं घेऊन चरत चरत मागनं येतात. बाया बिऱ्हाड घेऊन पुढं जातात, पाणी बघून मुक्काम धरतात, तीन दगड मांडून चूल पेटवतात. सासूचा सगळा जन्म असा पुढं जाण्यात गेलेला.

त्या दिवशी शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नावावरून कित्येक वर्षं धुमसत होतं. एक बाजू म्हणायची नाव बदललंच पाहिजे, दुसरी म्हणायची बदलू देणार नाही. पाळीवर गेलेला नवरा कंपनीतच अडकला होता. काकू अंगणातनं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला ओरडून सांगत होत्या, "बंद उठला की बिऱ्हाड हलवा बरं का बाई! नवे लोक यायलेत!"

मी मागं धुणं वाळत घालत होते. आत आले तर कोपऱ्यातलं घोंगडं नव्हतं. तवा नव्हता, पातेलं नव्हतं. आणि सासू नव्हती.

गल्लीतली दारं वाजवली. सगळी आतनं लावलेली. काकू खिडकीतनं म्हणाल्या, "आमचे हे घरी नायत माय, असल्यात मी कुठं येऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं, भीती सगळ्यांनाच होती. मी कोपऱ्यावर उभी राहून रडत होते. मावशी ड्यूटीवरून चालत येत होत्या. दवाखान्याला बंद नसतो. तोवर आमची नुसती तोंडओळख होती.

"रडायलीस कशाला? कोण गेलं?"

"सासू."

"गेली म्हंजी वारली का हरवली? नीट सांग."

"हरवली."

"मग रडायचं काय त्यात? हुडकायचं. काय नेलंय संगं?"

तवा, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला उमगलं. मी मावशींना बिऱ्हाडाचं सांगितलं आणि विचारलं, जवळ पाणी कुठंय? त्यांनी थोडा विचार केला. "चिकलठाण्याच्या अंगाला मोकळं रान हाय. तिथं एक नाला हाय. पाणी कसलं, घाणच हाय. पण वाहतंय."

चौकात पोलिसानं अडवलं. मावशी म्हणाल्या, "दवाखान्यात आया हाय साहेब. ही भाची माझी. हिची सासू हरवली."

"नावं सांगा."

त्या दिवसांत नाव विचारलं की आडनाव विचारलेलं असायचं, आणि आडनावात सगळंच आलं. मावशींनी त्यांचं सांगितलं, मी माझं. असली मावशी आणि असली भाची त्यानं पाहिली नसेल. दोघींकडं आळीपाळीनं बघून म्हणाला, "जा. बिगीबिगी फिरा पण." पुढं रस्त्यानं चालताना मी भाची हा शब्द मनात घोळवत होते. इथं आल्यापासून मी कुणाची बायको होते, कुणाची भाडेकरू होते, इतकंच.

नाल्याच्या काठाला सासू सापडली. तीन दगड मांडलेले, काटक्या मोडून रचलेल्या, काडेपेटी तेवढी नव्हती. वाटेकडं तोंड करून बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आलासा? मेंढरं मागं हायती न्हवं?"

मावशी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "यायलीत. चरत चरत यायलीत. हितलं पाणी खराब हाय. चल, जरा पुढं मुक्काम धरू." सासूनं पाण्याकडं पाहिलं, मान हलवली आणि आपणहून तवा उचलला.

त्यानंतर नवऱ्यानं दाराला बाहेरनं कडी बसवली. "मी मशीनवर, तू एकटी. दुसरं काय करू, सांग." नळावर जायचं, रेशनला जायचं, तर कडी घालून. आतनं ती दारावर हात आपटायची, "उघडा गं! खोळंबलीत मेंढरं!" उघड्यावर जन्म काढलेली बाई. मी कळशी भरत असायची आणि तो आवाज नळापर्यंत यायचा. बाया माझ्याकडं बघायच्या, बोलायचं कुणी नाही. शेवटी काकूंनी सांगून टाकलं, "लोक इचारायलेत मला. म्हातारीला गावी सोड, नायतर दुसरी खोली बघा." गावी कुणाकडं सोडू? दीर मेंढरांमागं. बांधून ठेवू, की रानात सोडू, की आम्हीच रस्त्यावर येऊ? आणि तरी रोज कडी मीच घालायची.

एकदा मावशी आल्या तेव्हा मी नळावरनं परतत होते. त्या दारासमोर उभ्या होत्या, आतनं थापा चालू होत्या.

"कडी काढ आधी. मग काय बोलायचं ते बोल."

मी काढली. सासू बाहेर आली, ओट्यावर बसली आणि शांत झाली. मावशी म्हणाल्या, "आमच्या वस्तीत बी हायत असली दोघंतिघं. एकाला तर खाटंला बांधतेत. दवाखान्यात एक डॉक्टरीण याचाच अभ्यास करायली. आजार हाय म्हणती, येडेपणा नाय. विहाराचा हॉल दिवसा रिकामाच असतो. एक बाई बसवू यांच्यापाशी. कडी नसली तरी चालंल, माणूस पाहिजे."

पौर्णिमेला विहारात बाया जमल्या तेव्हा मी मागं भिंतीला टेकून बसले होते. मावशी उठल्या. "जयंतीला वर्गणी देता का नाय? देता. आता जित्या माणसासाठी द्या." कुणीतरी म्हणालं, "पगार कुठून द्यायचा बाईला?" मावशी म्हणाल्या, "पगार म्हणूच नका. रोज पीठ मळायच्या आधी मूठभर ज्वारी डब्यात टाका." तसं ठरलं. ज्यांच्याकडं स्वतःलाच पुरत नव्हतं त्या घरांतून मुठी यायला लागल्या. कंपनीत जाणारी पोरं पगाराला काहीबाही द्यायची. आपल्या गल्लीतनं काही यायला नको का, असं मला वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी धीर करून म्हणाले, या वर्षी वाण नको लुटायला, तेच तिकडं देऊ.

काकूंनी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली. "आमचं वाण त्यांच्या विहारात? बरंच शिकवलं गं तुला मावशीनं!"

"शिकवू द्या की काकू. पाचवीतच सुटली न्हवं शाळा."

बाया हसल्या. ‘न्हवं’ला हसल्या की बोलण्याला, ते कळलं नाही; पण एकीनं दुसऱ्या दिवशी गुपचूप सतरंजी आणून दिली.

हॉल सुरू झाला. सकाळी मी सासूला सोडायची आणि कामं आटोपली की तिथंच जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी मावशींनी तिला पाणी दिलं. सासूनं पेला हातात घेतला, मावशींकडं बघितलं आणि विचारलं, "कुणाचं पाणी हाय?" नवरा आठवत नव्हता, मुलगा आठवत नव्हता. मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशींनी पेला परत घेतला.

"सगळं गेलं आणि एवढंच ऱ्हायलं बघ," त्या मला म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तुझ्या घरून तांब्या भरून आण. तहानंनं मरंल म्हातारी."

मी रोज तांब्या नेला. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

डॉक्टरीण शनिवारी यायची. तरुण होती, मराठी जपून बोलायची. सासूला विचारायची, आज वार कोणता, ऋतू कोणता. एकदा विचारलं, "आजी, या शहराचं नाव काय?" शहराच्या नावावरूनही तेव्हा वाद सुरू झालेला. मावशी मधेच म्हणाल्या, "डॉक्टर, ते आमचंच ठरंना अजून. म्हातारीला काय इचारता!" सगळा हॉल हसला, डॉक्टरीणसुद्धा. मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही? झोप लागते का?" हा प्रश्न मला नवा होता. लागते, म्हणाले, आणि लुगडं सारखं करायच्या निमित्तानं बाहेर गेले.

पुढं एका संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचं एकदाचं झालं. आमच्या गल्लीतल्या खिडक्या बंद होत्या. मागच्या वस्तीत निळे झेंडे, ताशा, दारोदार पणत्या. हॉल मात्र नेहमीसारखा उघडा होता. सासूनं ताशा ऐकून विचारलं, "कुणाचं बारसं हाय?"

मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि हसत म्हणाल्या, "बारसंच हाय आत्या. लई वर्सांनी झालं." त्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. सासू तो मुठीत धरून बसली. खाल्ला नाही, टाकलाही नाही. मी बघत होते, मावशीही बघत होत्या.

त्या उन्हाळ्यात सासू गेली, हॉलमध्येच, भिंतीला टेकून. घरी आणली तेव्हा काकूही येऊन बसल्या. नंतर कितीतरी सकाळी मला वेळ कसा घालवावा ते कळायचं नाही. वेणी घालायला कुणी नव्हतं. मी उगाच विहारापर्यंत जायची, मावशींच्या ड्यूटीची वेळ असेल तर तशीच परत यायची. परतताना गल्ली लई लांब वाटायची.

मावशी आता मुलाकडं नांदेडला असतात. मधूनमधून फोन होतो. मी त्यांना सारखी विचारते, काही विसरायला होतं का? त्या हसतात. "आजून सगळं ध्यानात हाय गं. उगा फिकर करू नको." पण फिकर करणं माझ्याकडनं सुटत नाही. म्हणून इथं लिहून देते. मावशी, तशी वेळ तुमच्यावर न येवो. आलीच, आणि तुमच्याजवळ बसायला माणूस लागलं, तर मुलाला दुसरं कुणी बघायला लावू नका. इथनं नांदेडला जाणाऱ्या गाड्या मी विचारून ठेवल्यात. तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी मी येईन, आणि तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते माझ्या हातानं फेडीन.