आठ माइकांचा डबा

"ह्याला भोकं किती हाईत?"

नाकावर घसरलेल्या चष्म्यातून माझ्या मोबाइलवरच्या फोटोकडं बघत मामांचा पहिला प्रश्न हाच असायचा. पाटोद्यात माझ्या फोटो स्टुडिओसमोर त्यांचं शिलाईचं दुकान. मी मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू करतोय हे कळल्यापासून त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. पहिली गाणी त्यांच्याच भजनी मंडळाची व्हायची होती, आणि दसरा झाला की निम्मं मंडळ ऊसतोडीला जाणार होतं.

माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, मी दोन माइकांचा घेणार होतो.

"आन् पेटीचं?"

चार माइकांचा बघितला.

"आन् मृदंगाचं? बाया मागं म्हणत्यात त्यांचं?"

मग आठ भोकांचा सापडला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, त्यात माइक चारच लागतात, बाकीची भोकं कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी. तुम्हीच सांगा, माणसानं किती शोधायचं?

"मामा, चार माइक मधी ठेवू. सगळे भोवती बसा."

"न्हाई. ज्याचं त्याला पाहिजे."

"पण कावून? कशापायी?" मी ओरडलोच.

मामांनी कात्री खाली ठेवली. मंडळात एक आजोबा टाळ वाजवायचे. हात कापायचा, ठोका मागं पडायचा. मागं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकून सगळे त्यांच्यावर खेकसले होते. तेव्हापासून आजोबा येईनात.

"त्याचं येगळं असलं तर तुला बारीक करता येईल ना? त्याला सांगायचं न्हाई. पण बसू दे बाबा आमच्यात."

मी त्याच दिवशी आठही माइक घेणारा डबा मागवला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आजोबाही टाळ घेऊन आले. दार बंद, पंखा बंद, घामाच्या धारा. आणि आयत्या वेळी मामा आणखी एका गाणाऱ्या बाईंना घेऊन आले. माइक आठ, माणसं नऊ! मी कपाळावर हात मारला.

"माझं ऱ्हाऊ दे," म्हणत त्यांनी स्वतःचा माइक बाईंपुढं सरकवला आणि आजोबांच्या मागं जाऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात मामा अचानक गेले. थोड्या दिवसांनी त्यांचा मुलगा आला. "अप्पांचा आवाज तेवढा काढून द्या."

मला मामांचा असा राग आला म्हणून सांगू! सगळ्यांचा आवाज वेगवेगळा ठेवलेला, फक्त ह्या माणसाचा नाही.

तरी एकेक ऐकवत गेलो. पेटी. मृदंग. बाया. शेवटी आजोबांचा टाळ. गाण्यात तो मी जवळजवळ बंदच ठेवला होता. आता एकटाच लावला. ठोका पडायच्या आधी, प्रत्येक वेळी, आजोबांच्या मागून अगदी हळू आवाज येत होता.

"हां दादा... आता... आता..."

मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "एवढंच द्या."