मायने मॅचिंग केलेला डीएनए

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी डीएनए केला होता. दोन जाड वायरी वळवून केलेला गोल जिना आणि त्याला पायऱ्या म्हणून झाडूच्या काड्या. प्रत्येक काडीवर दोन मणी दोऱ्याने बांधलेले: लाल अ‍ॅडेनिनसमोर हिरवा थायमिन, पिवळ्या ग्वानिनसमोर निळा सायटोसिन. दुसरी जोडी चालतच नाही. गुजरातेत लिंबायतला कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "नंबर आला तर अकरावी सायन्स. नाहीतर मायजवळ बसून साड्यांना मणी लाव." वडील शब्दाचे पक्के, त्यामुळे माझा सगळा जीव त्या वायरींत अडकलेला.

माय घरी साड्यांवर मणीकाम करायची. तिच्या कामात एक रंग इकडचा तिकडे झाला की पीस परत यायचा. शाळेत पोचल्यावर मी मॉडेलवरचा कपडा काढला आणि बघते तर काय! लालसमोर लाल, निळ्यासमोर निळा! सकाळी मी नळावर गेले होते, तेवढ्यात उजव्या बाजूचे सगळे मणी बदलले होते.

"तुनी मॅचिंग चुकेल व्हती," सोबत आलेली माय खुशीत म्हणाली. "मी नीट करी दिधी."

असा संताप आला मला! त्यात परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत आलेले. चूक कळल्यावर मायचा चेहरा पार उतरला. पण ती काही टाकून देणारी बाई नव्हे. काढलेले मणी पदराच्या गाठीत होते आणि सुईदोरा कायम जवळ असायचाच.

मग माझं डोकं चाललं. डावी बाजू तर शाबूत होती! मी डावीकडे बघून रंग सांगत गेले, माय उजवीकडे मणी बांधत गेली. थोड्या वेळाने तिने माझी वाट बघणंच सोडलं. डावीकडे नजर टाकायची आणि बरोबर मणी उचलायची.

परीक्षक, कॉलेजातले एक गुजराती सर, कधीचे बघत होते. "कयो मणको क्यां, ए लखेलुं क्यां छे?"

"कुठला मणी कुठे, ते या अर्ध्यातच लिहिलंय, सर. एक बाजू असली की दुसरी तिच्यावरून उभी राहते. पेशीसुद्धा असंच करते."

पहिला नंबर आला. वडिलांनी कप उलटासुलटा करून पाहिला आणि "सायन्स" एवढंच म्हणाले. आनंदाने मला रडूच फुटलं. माय मात्र दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती, "लाल दिखना का हिरवा लावाना. त्याले सायन्स म्हनतस!"